शाळेत हवामान बदलाची कार्यशाळा घ्यायची आहे? पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

पावसाळा जवळ आला की फोन सुरू होतात. कुणी कृषी पदवीधर असतो, कुणी कॉलेजातली मुलं, कुणी नुकतेच निवृत्त झालेले शिक्षक. ‘शाळेत जाऊन हवामान बदलावर काहीतरी घ्यावं म्हणतोय, सुरुवात कुठून करू?’ मी सांगली जिल्ह्यात, बहुतेक जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये, सहावी ते आठवीच्या मुलांसाठी अशा कार्यशाळा घेते. फोनवर तुकड्यातुकड्यांनी जे सांगते, तेच इथे सलग लिहिते आहे.

आधी एक विनंती. मुलांना भाषण देऊ नका आणि लॅपटॉपवरच्या चित्रांवर दोन तास काढू नका. मुलांच्या हाताला मोजायचं, ओतायचं, वाटायचं काम द्या. पुढची सगळी आखणी त्यासाठीच आहे.

१. वर्ग, वेळ आणि महिना

सुरुवात सहावी-सातवीपासून करा. या मुलांना सरासरी आणि शेकडेवारी थोडीफार जमते, आणि ती प्रश्न विचारायला लाजत नाहीत. एका वेळी चाळीस मुलं पुरे. मुख्याध्यापक प्रेमापोटी म्हणतील, ‘पाचवी ते आठवी सगळेच बसवू या हॉलमध्ये.’ तिथे नम्रपणे नाही म्हणा. दीडशे मुलं झाली की प्रयोग फक्त पहिल्या दोन रांगांना दिसतो.

वेळ दोन तास मागा. शनिवारी सकाळची शाळा असते, आणि पहिली ते आठवीसाठी आता ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रमही आहे. त्यात असा कार्यक्रम सहज बसतो. परीक्षा, क्रीडा स्पर्धा आणि स्नेहसंमेलनाचे दिवस टाळा. दुष्काळी पट्ट्यात दिवाळीनंतर ऊसतोड मजुरांची मुलं पालकांबरोबर बाहेर पडलेली असतात, आणि ऊस पट्ट्यातल्या शाळांच्या आसपास तीच मुलं फडावर आलेली असतात. तारीख ठरवताना हे गुरुजींना जरूर विचारा. ज्या मुलांच्या घराला पावसाच्या लहरीची झळ सर्वांत आधी बसते, नेमकी तीच वर्गात नसतात.

जून अखेर किंवा जुलै हा सगळ्यात चांगला काळ, कारण पर्जन्यमापक बसवला की दुसऱ्या दिवसापासून त्यात पाणी दिसतं.

२. परवानगी आणि कागदपत्रं

एकाच शाळेत जायचं असेल तर मुख्याध्यापकांना प्रत्यक्ष भेटा. फोनवर हे काम होत नाही. तालुक्यातल्या बऱ्याच शाळा घ्यायच्या असतील तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज द्या आणि केंद्रप्रमुखांना सोबत घ्या. खासगी अनुदानित शाळेत संस्थेची संमती लागते. शासकीय आश्रमशाळेसाठी आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयातून परवानगी घ्यावी लागते.

सोबत ठेवायचे कागद:

– मुख्याध्यापकांच्या नावे एक पानी विनंती अर्ज, दोन प्रतींत. एका प्रतीवर आवक क्रमांक, सही आणि शिक्का घ्या. ही पोच पुढे फार उपयोगी पडते.
– ओळखपत्राची छायाप्रत. संस्थेतर्फे जात असाल तर संस्थेचं पत्र.
– पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. अर्ज ऑनलाइन होतो. सगळ्या शाळा मागत नाहीत, तरी स्वतःहून द्या.
– दोन तासांत काय घेणार त्याची मिनिटवार आखणी, एका पानात.
– फोटो काढणार असाल तर पालकांच्या संमतीचा छोटा नमुना.

संमती नसेल तर मुलांचे चेहरे दिसणारे फोटो काढू नका, आणि काढलेले फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. वर्गशिक्षक पूर्ण वेळ वर्गात हवेत, हेही अर्जातच लिहा. मुलांची सुरक्षितता हा त्यातला एक भाग झाला. दुसरा असा, की तुम्ही निघून गेल्यावर हा विषय तेच पुढे नेणार आहेत.

३. विषय त्या गावातून उचला

ध्रुवीय अस्वल दाखवायची गरज नाही. सांगली जिल्ह्याचंच बघा. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोका पातळी ४५ फूट आहे. त्याच पावसाळ्यात जत-आटपाडीकडे पिण्याच्या पाण्याचे टँकर चालू होते. तासगावच्या मुलाला अवकाळी पाऊस म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही, कारण घडात पाणी शिरल्यावर द्राक्षबागेचं काय होतं हे तो घरात बघत असतो.

तुमच्या भागात दुसरं काही असेल. रायगड-रत्नागिरीत ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ, चिपळुणात २२ जुलै २०२१ चा महापूर, मराठवाड्यात २०१६ चा उन्हाळा, जेव्हा मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी न्यावं लागलं. विदर्भात चंद्रपूर-ब्रह्मपुरीचं ऊन. यातलं एकच निवडा.

कार्यशाळेच्या आठवडाभर आधी शिक्षकांमार्फत मुलांना घरचा अभ्यास द्या. आजी-आजोबांना तीन प्रश्न विचारून उत्तरं वहीत लिहायची. पूर्वी पेरणी कधी व्हायची? विहिरीचं पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरायचं? तुम्ही पाहिलेला सगळ्यात वाईट उन्हाळा किंवा पावसाळा कोणता? १९७२ चा दुष्काळ जवळपास प्रत्येक वर्गात येतो. त्यासोबत सुकडी येते, रोजगार हमीची कामं येतात, खडी फोडलेले हात येतात. मुलं हे वाचून दाखवतात तेव्हा वर्गात चिडीचूप असते.

मात्र आठवणी म्हणजे नोंदी नव्हेत, आणि हा फरक मुलांना कळायला हवा. कृषी विभागाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर तालुका आणि महसूल मंडळनिहाय पावसाचे आकडे मिळतात. तुमच्या तालुक्याच्या काही वर्षांच्या आकड्यांची एका पानावर छापील प्रत काढून न्या. आजोबा म्हणतात पाऊस कमी झाला, आकडे काय म्हणतात? कधी दोन्ही जुळतात, कधी जुळत नाहीत. जुळत नाहीत तिथे खरी चर्चा होते: एकूण पाऊस तेवढाच पडतो, पण थोड्या दिवसांत पडून जातो, असंही असू शकतं.

एक खबरदारी घ्याच. पूर किंवा दरड ज्या गावानं सोसली आहे तिथे त्याच आपत्तीचे व्हिडिओ दाखवू नका. वर्गात कुणाच्या घरचं काय गेलं आहे हे आधी शिक्षकांकडून समजून घ्या. एखादं मूल स्वतःहून बोललं तर थांबून ऐका, पण ‘तू सांग, तुमच्याकडे काय झालं’ असं कुणाला उठवू नका.

४. पिशवीत काय काय

सारख्या आकाराचे काचेचे चार ग्लास, काठ पाण्याबाहेर राहील असे दोन दगड, कायमस्वरूपी शाईचा मार्कर, ३०० ग्रॅम ज्वारी आणि रंगवलेले चार दाणे, चिक्कीचे एकसारखे चाळीस तुकडे, सरळ भिंतीची पारदर्शक बाटली, कात्री, पट्टी, बारीक खडी, जुनी वर्तमानपत्रं. बर्फ गावातल्या रसवंतीतून किंवा आइस्क्रीमवाल्याकडून ऐन वेळी घ्या आणि थर्मासमध्ये ठेवा. वीज असेलच असं धरून चालू नका. यातल्या एकाही गोष्टीला वीज लागत नाही.

५. ते दोन तास

पहिली वीस मिनिटं: मुलांना काय माहीत आहे. फळ्यावर ‘पृथ्वी का तापते आहे?’ एवढंच लिहा आणि येतील ती उत्तरं न खोडता उतरवा. ‘ओझोनच्या थराला भोक पडलंय’ हे उत्तर हमखास येतं. ‘प्लास्टिकमुळे’ आणि ‘झाडं तोडल्यामुळे’ हीसुद्धा येतात. ओझोनचा प्रश्न वेगळा आहे. तो थर सूर्याची अतिनील किरणं अडवतो, तो विरळ झाल्यानं पृथ्वी तापलेली नाही. वृक्षतोडीचा वाटा आहे, पण मोठा वाटा कोळसा, तेल आणि वायू जाळण्याचा. ही दुरुस्ती लगेच करू नका. फळा तसाच राहू द्या आणि शेवटच्या दहा मिनिटांत मुलांनाच खोडायला लावा.

ज्वारीचे दाणे. तीनशे ग्रॅम ज्वारीत साधारण दहा हजार दाणे असतात. ही ज्वारी म्हणजे हवा समजा. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा हजार कणांत कार्बन डायऑक्साइडचे तीनपेक्षा थोडे कमी होते. आज ते चारपेक्षा थोडे जास्त आहेत. तीन रंगीत दाणे टाका, मग चौथा टाका, आणि परात मुलांमध्ये फिरवा. कुणीतरी विचारतंच, ‘एवढ्याशा एका दाण्यानं काय होतंय?’ या प्रश्नासाठीच हा खेळ आहे. हवेत असे उष्णता धरणारे वायू मुळीच नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंशांच्या आसपास असतं. आज ते सुमारे १५ अंश आहे. म्हणजे हे मूठभर दाणेच पृथ्वीला राहण्याजोगी ठेवतात, आणि म्हणूनच त्यांत थोडी भर पडली तरी फरक पडतो.

इथे युनिस फूट यांची गोष्ट सांगा. १८५६ साली या अमेरिकन बाईंनी काचेच्या नळ्यांमध्ये वेगवेगळे वायू भरून त्या उन्हात ठेवल्या. कार्बन डायऑक्साइडची नळी सगळ्यात जास्त तापली आणि सावलीत नेल्यावर गार व्हायलाही तिलाच जास्त वेळ लागला. असा वायू हवेत वाढला तर पृथ्वी जास्त गरम होईल, हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं. सातवीतल्या मुली ही गोष्ट फार लक्ष देऊन ऐकतात.

बर्फाचे ग्लास. चार गट करा. दोन गटांच्या ग्लासात पाणी आणि त्यावर तरंगता बर्फ. दोन गटांच्या ग्लासात पाण्याबाहेर डोकावणारा दगड आणि त्या दगडावर बर्फ. पाण्याच्या पातळीवर मार्करनं रेघ मारा. बर्फ वितळल्यावर कोणत्या ग्लासात पाणी चढेल? हात वर करून अंदाज घ्या आणि फळ्यावर आकडे लिहा. हा अंदाज घेणं विसरलात तर निम्मी मजा गेली. मग ग्लास खिडकीत ठेवून पुढच्या खेळाकडे वळा. तरंगता बर्फ वितळला तरी रेघ हलत नाही, दगडावरचा वितळला की पाणी वर येतं. उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रावरचा बर्फ तरंगता आहे. ग्रीनलंड, अंटार्क्टिका आणि हिमालयातला जमिनीवर आहे. १९०१ ते २०१८ या काळात समुद्राची पातळी जगभरात सरासरी २० सेंटिमीटर वाढली. पट्टी धरून तेवढी उंची भिंतीवर दाखवा. पाणी तापल्यावर फुगतं, त्यामुळेही पातळी वाढते, हे एका वाक्यात सांगितलं तरी चालेल.

चिक्कीची वाटणी. माझ्या मते कार्यशाळेतला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. चाळीस मुलं म्हणजे सगळं जग. दोघांना अमेरिका करा, सात जणांना भारत, सात जणांना चीन, उरलेले चोवीस म्हणजे बाकीचे देश. चिक्कीचे चाळीस तुकडे म्हणजे कोळसा-तेल-वायू जाळून आजवर हवेत सोडलेला सगळा कार्बन डायऑक्साइड. आता वाटणी करा: अमेरिकेच्या दोघांना दहा तुकडे, चीनच्या सात जणांना सहा, भारताच्या सात जणांना मिळून एक, बाकीच्यांना तेवीस.

भारताचे सात जण त्या एका तुकड्याकडे बघतात आणि वर्ग पेटतो. बोलू द्या. थोड्या वेळानं आजचे आकडे द्या. माणशी वर्षाला कार्बन डायऑक्साइड भारतात सुमारे २ टन, जगाची सरासरी पावणेपाच टनांच्या आसपास, अमेरिकेत सुमारे १४ टन. मग विचारा, भारतातल्या भारतात सगळ्यांचा वाटा सारखा असेल का? एका वर्गात एक मुलगा पटकन म्हणाला, ‘एसीवाल्याचा आणि आमच्या आजीचा सारखा कसा असंल?’ ते वाक्य फळ्यावर लिहून मी पुढचा अर्धा तास त्यावरच चालवला.

शेवटी चिक्की गोळा करून प्रत्येकाला एकेक द्या. हे विसरू नका. शेंगदाण्याची ॲलर्जी कुणाला आहे का, ते शिक्षकांना आधी विचारा. शंका असेल तर राजगिऱ्याची वडी घ्या.

६. बाटलीतला प्रयोग टाळा

इंटरनेटवर एक प्रयोग सगळीकडे सापडतो. दोन बाटल्या घ्या, एकीत व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा घालून कार्बन डायऑक्साइड तयार करा, दोन्ही उन्हात किंवा दिव्याखाली ठेवा, तापमान बघा. वर्गात तो अनेकदा फसतो. जमला तरी अडचण आहेच. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्यानं बाटलीतलं हवेचं अभिसरण बदलतं, आणि दिसणारा फरक बऱ्याच अंशी त्यामुळे पडतो. आपल्याला हवं ते उत्तर चुकीच्या कारणानं मिळालं, तर पुढे एखादी हुशार मुलगी ते शोधून काढेल आणि मग बाकीच्या गोष्टींवरही तिचा विश्वास राहणार नाही.

घरचं वीजबिल आणायला सांगणंही टाळा. बिलावर नाव आणि ग्राहक क्रमांक असतो, कुणाची थकबाकी असते, कुणाकडे मीटरच नसतो. शाळेचं बिल मागून घ्या. आपल्याकडे विजेच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. शाळेचे महिन्याचे युनिट गुणिले ०.७ हा हिशोब मुलं आवडीनं करतात.

७. अडणारे प्रश्न

‘आमचा पूर हवामान बदलामुळेच आला ना?’ याला घाईनं ‘हो’ म्हणू नका. पूर येतो तेव्हा थोड्या दिवसांत पडलेला पाऊस, धरणांतून सोडलेलं पाणी, पूररेषेच्या आत झालेली बांधकामं, सगळं एकत्र आलेलं असतं. खात्रीनं सांगता येतं ते एवढं: हवा एक अंशानं तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, म्हणून पडला तर पाऊस जोरात पडण्याची शक्यता वाढते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकारानं झालेल्या २०१७ च्या अभ्यासात, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भागावर एकाच वेळी होणारी अतिवृष्टी तिपटीनं वाढल्याचं दिसलं. या पट्ट्यात महाराष्ट्रही येतो.

‘आमच्याकडं पाऊस वाढणार की कमी होणार?’ एका तालुक्यापुरतं नेमकं उत्तर कुणाकडेच नाही, तसं मुलांना सांगा. त्यांना ते समजतं.

‘दोष त्यांचा, मग आम्ही कशाला काही करायचं?’ चिक्कीनंतर हा येणारच. रागावू नका, प्रश्न रास्त आहे. तिथून बोलणं बचावाकडे वळवा. उन्हाळ्यात कवायत किती वाजता घ्यायची? पत्र्याच्या वर्गावर सावली कशी करायची? पुराच्या गावात शाळेची दाखल्यांची रजिस्टरं कोणत्या मजल्यावर ठेवायची? छपराचं पाणी कुठे जातं? ही कामं कुणाचाही दोष असला तरी करावीच लागतात, आणि सातवीची मुलं त्यावर शाळा व्यवस्थापन समितीला पत्र लिहू शकतात. लिहायला लावा, सह्या घ्या, मुख्याध्यापकांकडे द्या.

‘दहा झाडं लावा आणि पृथ्वी वाचवा’ असलं काही सांगू नका. झाडं लावा, सावलीसाठी लावा, पण त्यानं हिशोब मिटतो असं मुलांना वाटू देऊ नका. त्याच्या उलट, ‘आता सगळं संपलंच’ हा सूरही नको. एखादं मूल घाबरलेलं दिसलं तर त्याला पुढचं काम द्या, पर्जन्यमापकाचं.

८. पर्जन्यमापक आणि नोंदवही

बाटलीचा निमुळता भाग कापून तो उलटा करून गाळणीसारखा वर बसवा. बाटलीचा तळ सपाट नसतो, आणि इथेच सगळ्यांची मापं चुकतात. तळाशी खडी घाला, खडी बुडेल आणि बाटलीची भिंत सरळ होईल तिथवर पाणी भरा, तिथे शून्याची रेघ मारा. त्यावर पट्टीनं मिलिमीटर आखा. मोजून झालं की पाणी पुन्हा शून्याच्या रेघेपर्यंत आणायचं. बाटली झाड आणि भिंतीपासून लांब, मोकळ्यावर, विटांच्या आधारानं ठेवा. गच्चीच्या पागोळ्यांखाली तर मुळीच नको.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. वर्गाचं छप्पर ३० चौरस मीटर असेल आणि १० मिलिमीटर पाऊस झाला, तर छपरावर ३०० लिटर पाणी पडलं. हा गुणाकार केल्यावर मुलं धावत जाऊन छपराकडे बघतात.

हवामान विभाग पावसाची नोंद सकाळी साडेआठला घेतो, आधीच्या चोवीस तासांची. तुम्हीही तीच वेळ ठेवा, म्हणजे आकडे महारेनशी ताडून बघता येतील. शाळेजवळ राहणाऱ्या मुलांच्या जोड्या लावा, सुट्टीच्या दिवसांची पाळीही आत्ताच ठरवा. वहीत तारीख, मिलिमीटर, कुणी मोजलं आणि शेरा एवढे चार रकाने पुरेत. पाऊस पडला नाही त्या दिवशी शून्य लिहायचं, जागा कोरी सोडायची नाही, हे दोनदा सांगा. कोऱ्या जागेवरून पाऊस नव्हता की कुणी मोजलाच नाही, ते नंतर कळत नाही.

वही राष्ट्रीय हरित सेनेचं काम बघणाऱ्या किंवा विज्ञान-भूगोल शिकवणाऱ्या शिक्षकांच्या ताब्यात द्या आणि महिन्यानं परत जा. त्या वेळी अर्धा तास पुरतो. मुलांचे आकडे आणि मंडळाचे आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि फरक कुठे पडला ते त्यांनाच शोधू द्या. ती भेट कधी ते पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांशी बोलून ठरवा आणि तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून या.